सरांच्या बाजूचा निकाल

"माझं चुकलं तरी काय, सर?"

मुकुंद सरनोबत ओसरीच्या पायरीवर उभा राहून विचारत होता. हायकोर्टाचा नुकताच निवृत्त झालेला न्यायमूर्ती; पण 'वर ये' असं त्याला अजून कुणी म्हटलं नव्हतं.

वर विनायकराव पडवळ पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. राज्यघटनेचे गाढे अभ्यासक, एके काळचे कायदामंत्री. आपल्याच सरकारचा वटहुकूम घटनेत बसत नाही म्हणून राजीनामा देऊन एस.टी.नं घरी आलेला माणूस. मुकुंदाला कायदा त्यांनीच शिकवला, आणि घरात ठेवून जेवूही घातलं.

पुढे काही वर्षांपूर्वी सरच त्याच्या कोर्टात अर्जदार म्हणून आले. नगराध्यक्ष रंगराव इंगवलेनं गावच्या मैदानात सभांना बंदी घातली होती. सरांनी तिला आव्हान दिलं. मुकुंदानं बंदी रद्द केली.

आणि त्या दिवसापासून सरांचं दार त्याला बंद झालं.

दर गुरुपौर्णिमेला तो हार घेऊन येई, अंगणात ताटकळे आणि परत जाई. ज्याच्यापुढे मोठमोठे वकील चळाचळा कापत, तो माणूस मोटारीत बसून डोळे पुसायचा. त्याला काही नको होतं हो. सरांनी एकदा 'मुकुंदा' म्हणून हाक मारावी, एवढंच.

आज हार नव्हता. आज त्याला राग आला होता.

"निकाल तुमच्या बाजूनं दिला मी!"

"दिलास."

"कायद्याला धरून नव्हता?"

"अक्षरन् अक्षर धरून होता."

"मग?"

सर शेंगा सोलत राहिले...

"त्या दिवशी रंगराव कोर्टाच्या व्हरांड्यात भेटला. वाकून नमस्कार केला मला. म्हणाला, 'मास्तर, जज्जच तुमच्या घरचा. आम्ही उगाच वकील लावला.'"

मुकुंद हसला. "त्या गुंडाचं काय मनावर घेता, सर? सगळं गाव वेठीला धरलं होतं त्यानं."

"धरलं होतं. पण तो का हरला, हे त्याला आजतागायत कळलेलं नाही."

मुकुंदाचं हसू ओठांवरच विरलं...

'हे प्रकरण माझ्यापुढे नको', एवढं एक वाक्य त्या सकाळी पुरलं असतं. ओठांवर आलंही होतं. पण सरांना न्याय द्यायचा तो आपल्याच हातानं, हा मोह काही सुटला नाही. त्याच्या लेखी ती गुरुदक्षिणा होती.

"सर... तुम्हीही हरकत घेतली नाहीत."

सरांचे हात थांबले.

"नाही घेतली. तुला त्या खुर्चीत बघून ऊर भरून आला होता, मुकुंदा."

इतक्या वर्षांनी ती हाक ऐकली आणि तो पायरीवरच बसला. पाया पडायला वाकला, तर सरांनी पाय मागे घेतले.

"मला आत घ्या, सर... दुसरं काही मागत नाही."

सर भिंतीला धरून उठले. चपला पायात सरकवल्या. मग दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.



"ती काठी दे आणि चल. रंगरावाचं घर चढावर आहे."