प्रत्येकी एक द्रोण

मुलांनो, दूरच्या एका जंगलात हत्तीची कवठांची राई होती. उंच झाडांवरून कवठे उतरवायला त्याने एक वानर आणि एक वानरी ठेवली होती. दोघांचे काम सारखे. काटेही दोघांना सारखेच बोचत. संध्याकाळी हत्ती दोघांना चारोळ्यांचा एकेक द्रोण देई. वानराचा द्रोण तीन पानांचा असे, वानरीचा एका पानाचा. त्यात तिची दोन पिल्ले कशीबशी जेवत आणि ती स्वतः बहुतेक उपाशीच झोपे.

राई हत्तीकडे ठेवायची की नाही, हे दरवर्षी प्राण्यांची सभा ठरवी. तिथे साळुंकी हत्तीचा अहवाल वाचून दाखवी, "आमच्या राईत नर-मादी असा भेद नाही. प्रत्येकी एक द्रोण!" सगळे माना डोलावत. वानरीही गप्पच बसे. तिचे लक्ष वानराच्या पोटाकडे असे. किती गोल झाला आहे मेला! काम करताना तो गमतीने म्हणे, "वहिनी, कवठ जरा बघून टाका हो, टाळकं एकच आहे माझं." तेव्हा ते खरेच त्याच्या टाळक्यात बसावे, असे तिला वाटे.

एके दिवशी ती हत्तीला म्हणाली, "मालक, भाऊजी कवठं चोरून खातात." ते खोटे होते. हत्तीने काही न विचारता वानराला काढून टाकले. जाताना तो एवढेच म्हणाला, "वहिनी, मालकाकडे जायचंच होतं, तर द्रोणाचं बोलायला जायचं. मीही आलो असतो सोबत."

दुसऱ्या दिवशी नवा वानर आला. त्याला धड चढताही येत नव्हते. संध्याकाळी हत्तीने त्याच्या हातात तीन पानांचा द्रोण ठेवला. तिच्या हातात एका पानाचा.

पुढच्या सभेला ती नव्या वानराला घेऊन गेली. दोघांनी आपापले द्रोण शेजारी शेजारी ठेवले. "द्रोण एकच, पण केवढा, तेही वाचा," वानरी म्हणाली. मग हळूच म्हणाली, "आणि भाऊजींनी चोरी केली नव्हती. मी खोटं बोलले." सभेने हत्तीला खडसावले. त्या दिवसापासून तिलाही तीन पानांचा द्रोण मिळू लागला. पहिलाच द्रोण घेऊन ती जुन्या वानराच्या झाडापाशी गेली. झाड रिकामे होते. तो कुठे गेला, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

तात्पर्य : सोबत्याला जास्त मिळते म्हणून त्याच्यावर जळू नये, कमी देणाऱ्याला जाब विचारावा, आणि तो सोबत्याला बरोबर घेऊन विचारावा.