कुंभारवाडा आणि सात दालनं

"परवा सकाळपर्यंत कुंभारवाडा रिकामा करा!" अशी दवंडी पिटली गेली, तेव्हा सगुणा राजाच्या विद्यापीठात झाडू हातात धरून बसली होती. झाडू हातात धरायचा आणि बसायचं, हीच तिची झाडण्याची रीत. "मी झाडायला लागले की धूळसुद्धा कंटाळते," असं ती स्वतःच सांगायची आणि सगळ्यांआधी स्वतःच हसायची.

दवंडी ऐकून मात्र तिचं हसू पळालं. कुंभारवाड्यात तिचं घर होतं, नवऱ्याचं चाक होतं, मडकी भाजायची भट्टी होती. अशी चाळीस घरं! मागच्या तळ्याची माती सोडून कुंभार जाणार तरी कुठं? पण विद्यापीठाला जागा हवी होती. गावोगावाहून वैद्यकी शिकायला पोरं आली होती, ती ओसरीवर दाटीवाटीनं बसत होती, आणि आचार्य विद्यानिधींनी राजाकडे सात नवी दालनं मागितली होती. राजा धैर्यसेन एकदा "हो" म्हणाला, की ब्रह्मदेव आला तरी "नाही" म्हणत नसे.

कुंभारांनी दरबारात जायचं ठरवलं. बोलायला कोण? सगळ्यांनी सगुणाला पुढं ढकललं.

"अहो, मला अक्षर वाचता येत नाही!"

"बारा वर्षं विद्यापीठात जातेस ना?" म्हातारा मल्हारी कुंभार म्हणाला.

"जाते की! पण पालथ्या घड्यावर पाणी. आणि घडाही आपल्याच वाड्यातला!"

शेवटी गेलीच. राजानं ऐकून घेतलं आणि मिशीवर हात फिरवला.

"दालनं बांधू कुठं मग? बाजार उठवू? देऊळ उठवू? या शहरात तसूभर जमीन अशी नाही, जिथं कुणी वावरत नाही!"

"आणि असली तर, सरकार?"

"असली तर दाखव!" राजा गरजला. "चार वर्षांत जिथं माणसाचं पाऊल पडलेलं नाही, अशी जागा. वेशीच्या आत हवी, विद्यापीठाला लागून हवी आणि सात दालनं मावतील एवढी हवी. उद्या दुपारपर्यंत दाखवलीस तर कुंभारवाडा तुमचा. नाही तर पहिली कुदळ तुझ्या भट्टीवर!"

दरबारी पोट धरून हसले. आचार्य तर डोळे पुसायला लागले.

घरी नवरा हैबती चाकाशी बसून होता. चाक थांबलेलं होतं.

"अशी जागा असेल का गं कुठं?"

"आहे. पण दाखवली तर माझी नोकरी जाईल. वर फटके."

"मग गं?"

"मग काय! चाळीस चुलींपुढं माझी अब्रू ती केवढी! आणि होती तरी कुठं?" असं म्हणाली खरी, पण त्या दिवशी तिला भाकर गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी राजा, आचार्य आणि दरबारी तिच्या मागं निघाले. सगुणा सरळ विद्यापीठात शिरली आणि दालनांच्या अगदी मागच्या ओळीशी थांबली. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून तिनं पहिलं कुलूप उघडलं. दार करकरलं.

"थांबा! आत कुणी जाऊ नका! नुसतं बघा."

आत बोटभर धूळ पसरली होती. एवढ्या मोठ्या दालनात उंदराच्या पावलांच्या नक्षीखेरीज काही नव्हतं.

"हे शकुनविद्येचं दालन!" आचार्य घाईघाईनं म्हणाले. "इथं रोज पाठ होतो, महाराज!"

"रोज?" सगुणानं विचारलं. "मग गुरुजी उडत येत असतील!"

राजानं हसू दाबायला ओठ चावले. दुसरं दार उघडलं, तिसरं उघडलं. सात दारं, सात दालनं, तीच धूळ! तिथल्या विद्या शिकणारे कधीच संपले होते. पण हातचं दालन सोडलं तर मान जातो, म्हणून आचार्यांनी कुलपं तेवढी सांभाळली होती.

राजाचा चेहरा लाल झाला. "इथं झाडतं कोण?"

सगुणा पुढं झाली. "मीच, सरकार."

"चार वर्षं झाडलं नाहीस?"

"नाही. पहिल्या दिवशी पाठ दुखत होती. दुसऱ्या दिवशी बघितलं, तर कुणी ओरडलंच नाही. मग पाठ दुखायची थांबेचना!"

"कामचुकार! काय शिक्षा देऊ तुला?"

"द्याल ती. माझ्याएवढी आळशी बाई तुमच्या राज्यात दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाही. एवढंच करा, सरकार! 'इथं धूळ आहे' अशी तक्रार चार वर्षांत ज्यानं केली असेल, त्याच्या हातून फटके द्या!"

राजानं आचार्यांकडे पाहिलं. आचार्यांनी छताकडे पाहिलं. दरबारी एकमेकांच्या पागोट्यांकडे बघत राहिले. एकही हात पुढं आला नाही.

आणि राजा असा हसला, की दारातली धूळ उडाली!

"अगं, तुझ्या आळसानं चार वर्षांत कुणाचं काही मोडलं नाही. मी मात्र चाळीस घरं मोडायला निघालो होतो! आळशी तू, पण मूर्खपणात पहिला मान आमचाच!"

त्याच दिवशी वैद्यकीची पोरं ओसरीवरून उठून सात दालनांत आली. कुंभारवाडा कुंभारांना ताम्रपटावर लिहून मिळाला. राजानं हातातलं कडं काढून सगुणाला दिलं आणि म्हणाला, "आजपासून विद्यापीठाच्या सगळ्या दालनांवर देखरेख तुझी. कुणी नवी जागा मागितली की मी आधी तुझ्याकडे धूळ बघायला येणार. तेव्हा वापरात नसलेल्या दालनात झाडू मारायचा नाही. जमेल?"

"जमेल का म्हणजे?" सगुणा म्हणाली. "सरकार, तेवढं एकच काम मी चांगलं शिकलेय!"