लखमाचा एक शब्द

एका राज्यात डोंगरातलं पाणी पायऱ्या चढून राजवाड्यात गेलं. खरंच चढून गेलं. झरे गेले, ओढे गेले, डोहातले मासेसुद्धा गेले. त्याच संध्याकाळी डोंगरवस्तीचा म्होरक्या लखमा दरबारातून परतला, तो जिभेचा दगड घेऊन. तिथे काय घडलं, हे त्याला सांगताच येईना.

वस्तीतल्या बाया पानांवरचं दव टिपून लेकरांच्या ओठांना लावू लागल्या. शेवटी लखमाची लेक सुमली दरबारात जाऊन उभी राहिली. पान सळसळलं तरी दचकणारी पोर ती.

"पाणी सोड, राजा."

राजा रत्नकेतू मोठा अदबीचा. दासीलाही 'आपण' म्हणे. त्याने आपल्या जादूगाराकडे, भस्मांगाकडे पाहिलं.

भस्मांग हसला. "कायद्याने घेतलंय, बाई. तीन गोष्टी केल्या तरच सुटेल. कोरड्या नदीचा आवाज आणा. दगडाचा घाम आणा. तिसरी मग सांगतो."

सुमली कोरड्या पात्रात उतरली. तिथल्या शिंपल्यात नदीचा आवाज निजला होता. तो तिने उचलला. मग पाणी कुठे गेलं, ते तिने एका दगडाला सांगितलं. दगडाला दरदरून घाम फुटला. तो तिने द्रोणात धरला.

राजवाड्याच्या दारावर एक खंड्या पक्षी बसला होता. "आलीस? बापासारखीच भोळी दिसतेस!"

"माझ्या बापाला ओळखतोस?"

"वा! त्या दिवशी मी झुंबरावरच होतो की. भस्मांगाने विचारलं, पाणी कोणाचं? तुझा बाप म्हणाला, 'आपलं.'"

"मग बरोबरच बोलला!"

"तुमच्या डोंगरात बरोबर. तुझं, माझं, सगळ्यांचं मिळून ते आपलं. इथे मान देऊन बोलतात, बये. इथे 'आपलं' म्हणजे समोरच्याचं, म्हणजे महाराजांचं! लखमाने पाणी देऊन टाकलं, असा निवाडा झाला. भस्मांगाने त्या शब्दाला मंत्र बांधला."

द्रोण हिंदकळला. एवढ्यावरून? एका शब्दावरून अख्खी नदी? डोंगरात राजालाही 'तू' म्हणत. असलं 'आपलं' सुमलीने जन्मात ऐकलं नव्हतं.

आत भस्मांग वाटच पाहत होता. "तिसरी गोष्ट. पाणी कोणाचं? एका शब्दात सांगा."

शब्द ओठांवर आलाच होता. तिने तो गिळला. द्रोणातला घाम शिंपल्यात ओतला, तशी त्यात ओंजळभर नदी खळखळू लागली.

"राजा, हे पाणी मी आणलं. हे कोणाचं, तूच सांग."

"अर्थात आपलं, बाई," राजा सवयीने बोलून गेला.

"महाराज, थांबा!" भस्मांग किंचाळला. पण मंत्र शब्दालाच बांधलेला. राजवाड्यातली तळी उठली. मासे राजाच्या मुकुटाला घासून खिडकीबाहेर गेले. भस्मांगाची राख झाली, तीही वाहून गेली. तिकडे डोंगरात लखमाची जीभ सुटली आणि त्याने साठलेल्या सगळ्या शिव्या एका दमात दिल्या.

भेदरलेल्या राजाने जुना कायदा मोडला आणि नवा केला: डोंगराला विचारल्यावाचून पाण्याला हात लावायचा नाही. नगराला पुरेल एवढा ओढा वस्तीने आपणहून खाली सोडला.

पुढे एके सकाळी राजा स्वतः अनवाणी डोंगर चढून आला. काखेत सोन्याची घागर.

"सुमलीबाई, डोहातलं थोडं पाणी घेऊ?"

"आज नको. मासे अंडी घालतायत."

राजाला आजवर कोणी 'नको' म्हटलंच नव्हतं. मग त्याने रिकामी घागर पुन्हा काखेत घेतली आणि मासे बिचकू नयेत म्हणून चवड्यांवर चालत डोंगर उतरला.