जवळचा ठिपका

"पण भंते, यात माझं काय चुकलं?"

संघपालनं हे पुन्हा विचारलं. भंते सुमेध विहाराच्या ओसरीवर बसून चिवराला टाके घालत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सकाळीच गावानं यशूला माती दिली होती. जेमतेम वर्षाची पोर. कुपोषणानं गेली, असं डॉक्टर म्हणाले. संघपाल याच गावचा. पहिली बेरीज-वजाबाकी भंत्यांकडे शिकला, पुढे शहरात मोबाइलची ॲप बनवू लागला. अंगणवाडीतल्या मुलांच्या वजनाचं ॲप त्याचंच, आणि त्याचा त्याला केवढा तोरा! मूल वाढतंय की खंगतंय, हे त्यातल्या आलेखावर दिसायचं. ठिपक्यावर बोट ठेवलं की तो उजळायचा आणि त्या दिवसाचं वजन सांगायचा.

ठिपके बारीक, बोटं जाडी. सेविकांचा नेम चुकायचा, मग काहीच उघडायचं नाही. तक्रारी आल्या. तेव्हा संघपालनं अशी सोय केली की बोट कुठंही पडो, सगळ्यात जवळचा ठिपका उजळलाच पाहिजे. ऑफिसात त्याची पाठ थोपटली गेली.

उन्हाळ्यात गावची सेविका आजारी पडली. वजनं झालीच नाहीत. पावसाळ्यात तालुक्याहून सिस्टर आल्या. त्यांच्यापुढं मुलांची रांग होती. यशूच्या आलेखावर त्यांनी चालू महिन्याच्या जागी बोट ठेवलं. तिथं काहीच नव्हतं. उजळला तो होळीच्या वेळचा ठिपका, हिरवागार. वजन उत्तम. सिस्टर यशूला काट्यावर न घालताच पुढच्या मुलाकडे वळल्या.

"तारीख होती ना खाली," संघपाल म्हणाला. "त्यांनी वाचायला नको?"

"मोठ्या अक्षरात?"

"...बारीक."

भंत्यांनी दोरा तोडला आणि हात पुढं केला. संघपालनं यशूचा आलेख उघडून फोन दिला. भंत्यांनी डोळे मिटले आणि पडद्याच्या पार उजव्या कडेला, कोऱ्या जागी बोट टेकवलं. ठिपका उजळला. मग त्याच बाजूच्या खालच्या कोपऱ्यात टेकवलं. पुन्हा तोच.

"काय म्हणतो?"

"मूल सुदृढ आहे, म्हणतो."

"आजही?"

संघपालनं नजर वळवली. तरी गडी हटला नाही. मनातून त्याला एवढंच हवं होतं, भंत्यांनी एकदा म्हणावं, बाबा, तुझा दोष नाही. मग तो रात्रीच्या गाडीनं सुखानं परत गेला असता.

"भंते, लोकांना बोट रिकामं परत आलेलं आवडत नाही. माझ्या ॲपमध्ये ते कधीच रिकामं येत नाही. यात वाईट काय केलं मी?"

...

गावची अंगणवाडी विहारातच भरायची, म्हणून तिचा वजनकाटा तिथल्या आढ्याला टांगलेला होता. त्याला खाली कापडी झोळी. गावातली सगळी पोरं त्याच झोळीत लोंबकळून, रडून वजन द्यायची.

भंत्यांनी झोळीकडे बोट केलं. "यशूला उचल."

"भंते..."

"उचल."

संघपाल उठला. त्यानं दोन्ही हात झोळीत घातले, तान्ह्या पोराला घेताना घालतात तसे, एक मानेखाली, एक कमरेखाली. कापड थंड होतं. हात एकमेकांना लागले. तो तसाच उभा राहिला, आणि सकाळपासून कोरडे असलेले त्याचे डोळे एकदम भरून वाहू लागले.

भंते उठून जवळ आले.

"हाताला काय लागलं?"

"काही नाही, भंते."

भंत्यांनी फोन त्याच्या रिकाम्या हातांवर ठेवला.

"एवढंच याला शिकव."