घडीचं स्टूल

"पण आक्का, सोडायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करायची?"

आक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"काय सोडायचं म्हणतोस?"

"सगळं."

"बरं..." सुपातला एक खडा बाजूला पडला. "मग हे एवढं कशाला आणलंस?"

विचारणारा जयदीप मगदूम. पुण्यात मोठ्या हुद्द्यावरचा माणूस. त्याच्या शेजारी भिंतीला टेकून एक पिशवी उभी होती, ती त्याच्याहून थोडीच बुटकी असेल. ती पाठीवर घेऊन तो नागनाथाची टेकडी चढून आला होता आणि अजून धापा टाकत होता.

टेकडीवरच्या मठात राधाक्का राहतात, एक म्हैस आणि काही कोंबड्या घेऊन. लांबून लांबून माणसं त्यांच्याकडे शहाणपण शोधत येतात. मी येतो तो त्यांच्या हातच्या पिठल्यासाठी. उपदेश कानावर पडतो, त्याला माझा इलाज नाही.

"ही साधनेची सामग्री आहे," जयदीप म्हणाला. "साधं राहायचं तर वस्तूही साध्या हव्यात. म्हणून सगळ्या नव्या घेतल्या."

त्याने एकेक काढून दाखवली. ध्यानाची गोल गादी, योगाची चटई, तांब्याची बाटली. लाकडी दांडीने वाजवायचं एक पितळी वाडगं होतं, ते परदेशातून मागवलेलं. शिवाय एक घडीचं स्टूल, कारण मांडी घालून त्याला फार वेळ बसवत नव्हतं. हौसेला मोल नसतं म्हणतात. वैराग्याच्या हौसेला तर मुळीच नसतं.

"पुण्यात काम काय करतोस?"

"ऑनलाइन खरेदीची कंपनी आहे, आक्का. लोक वस्तू बघतात, आवडली म्हणून टोपलीत टाकतात आणि न घेताच निघून जातात. त्यांना मी परत आणतो."

"कसं?"

"मोबाइलवर निरोप पाठवतो. 'विसरलात का काही?'"

आक्कांनी पहिल्यांदा मान वर केली.

"आणि येत्यात?"

"येतात ना! धावत येतात!" जयदीपचा चेहरा फुलला. मग आपण विरक्त झालो आहोत हे त्याला आठवलं. "म्हणजे... तेच तर. गुलामी आहे ती. त्यांची आणि माझीही. राजीनामा लिहून मोबाइलमध्ये ठेवलाय. तुम्ही राहा म्हणालात की बोट दाबायचं आणि मी मोकळा."

"बायको काय म्हणती?"

"केतकी म्हणाली, सोमवारपर्यंत ठरवून ये. नाहीतर मीच ठरवते."

"शहाणी हाय."

आक्कांनी सूप खाली ठेवलं.

"ऐक. मठाची एक रीत हाय. राहायचं असंल त्यानं आणलेलं समदं अंगणात मांडायचं. दिवस मावळंस्तवर ते मठाचं. ज्याला जे लागंल ते त्यानं घ्यावं, कसंबी वापरावं. तू कट्ट्यावर बसायचं नि बघायचं. तोंडातनं शब्द काढायचा न्हाई."

"आणि काढला तर?"

"पिशवी भरायची नि घरी."

जयदीप हसला. "एवढंच? मौनाची शिबिरं केलीत मी, आक्का. प्रमाणपत्रं आहेत."

"मग बस की."

तो बसला. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, चेहऱ्यावर मंद हसू. फोटो काढायला कुणी नव्हतं, एवढीच काय ती उणीव.

उन्हाळ्याचे दिवस. आक्कांच्या कुरडया घालायच्या राहिल्या होत्या. त्यांनी योगाची चटई उन्हात अंथरली आणि तिच्यावर सोऱ्याने ओल्या कुरडया पाडायला घेतल्या. त्या चटईला ऊन लागू द्यायचं नाही, अशी सूचना तिच्याच कोपऱ्यावर छापलेली होती. पहिली कुरडई नेमकी त्या सूचनेवर पडली.

जयदीपचं हसू जागेवरच होतं. मंद मात्र राहिलं नव्हतं.

दुपारी ध्यानाची गादी रांजणाखाली चुंबळ म्हणून गेली. रांजण पाझरत होता. तांब्याच्या बाटलीने आक्कांनी म्हशीचा खुंटा ठोकला. बाटलीला पोचा आला. जयदीपने डोळे मिटले, उघडले... पण शब्द काढला नाही. मला त्याचं खरंच कौतुक वाटलं.

वाडग्यात कोंबड्यांसाठी दाणे टाकले गेले. कोंबडीने चोच मारली की ते टण्णकन वाजायचं आणि वाजलं की जयदीपचे डोळे ध्यानाच्या सवयीने मिटायचे. तो उघडायचा, की पुन्हा टण्ण. मी तोंडात रुमाल कोंबून गोठ्यामागे जाऊन आलो.

सूर्य समोरच्या डोंगराला टेकायला आला, तरी गडी गप्प होता. सगळं सोसलं होतं त्याने. मला वाटलं, राहतो हा मठात. आता पिठल्याला एक वाटेकरी वाढला.

तेवढ्यात सिद्रामअण्णा वर आले. खालच्या गावात त्यांचा पानमळा आहे. देवाला रोज विडा आणून ठेवतात. विडा ठेवला आणि टेकायला जागा शोधताना त्यांना ते स्टूल दिसलं.

ते बसले. जरासं हलून बघितलं.

"आयला, ब्येस हाय की! गुडघं बोलंनात."

मग उठून त्यांनी त्याची घडी घातली. उघडलं. पुन्हा घातली. पोरासारखे खूश झाले.

"असलं एक घ्यावं म्हणतो, आक्का."

"घे की."

अण्णांनी थोडा विचार केला.

"ऱ्हाऊ द्या. मळ्यात दगड हाय माझा. त्यो काय वंगाळ हाय व्हय?"

स्टूल भिंतीला लावलं, पटका सारखा केला आणि ते पायऱ्यांकडे निघाले.

मी जयदीपकडे बघत होतो. चटई गेली तेव्हा त्याचा चेहरा असा झाला नव्हता. तो कट्ट्यावरून अर्धा उठला. ओठ हलायला लागले. मी मनात म्हटलं, गप बस बाबा, थोडाच वेळ राहिलाय...

"अण्णा," जयदीप म्हणाला, "विसरलात का काही?"

...

अंगणात कोंबडीने वाडग्यात चोच मारली. टण्ण.

सिद्रामअण्णांनी खिसा चाचपला, पटका चाचपला.

"न्हाई बा," म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

जयदीपने तोंडावर हात ठेवला. फार उशिरा ठेवला.

"आक्का... ते मी नाही बोललो. ते आपोआप आलं."

"ऐकलं मी."

"चटईबद्दल बोललो नाही मी! गादीबद्दल नाही! बाटलीला पोचा आला तरी..."

"व्हय. ते समदं जमलं तुला."

आक्का उठल्या, भिंतीचं स्टूल उघडलं आणि त्याच्यावर ऐसपैस बसल्या.

"साहेबाला म्हणावं, पगार वाढवा. सुट्टीच्या दिशीबी कामावर असतोस."

मी मोठ्याने हसलो. मग जयदीपच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि माझी मलाच लाज वाटली. माणूस मोठ्या आशेने आला होता.

रीत म्हणजे रीत. त्याने पिशवी भरायला घेतली. चटईवरच्या कुरडया हलक्या हाताने सोडवून त्याने परातीत ठेवल्या. गादी पिळली. वाडग्यातले दाणे कोंबड्यांपुढे ओतले. स्टुलावर आक्का होत्या आणि त्यांना उठा म्हणायची छाती त्या टेकडीवर कुणाचीच नव्हती. तो वाकून त्यांच्या पाया पडला, पिशवी पाठीवर घेतली आणि निघाला.

काही पायऱ्या उतरला असेल.

"जयदीप!"

तो गर्रकन वळला. आक्का परत बोलावतायत, असं त्याच्या तोंडावर लख्ख लिहिलेलं होतं.

"विसरलास का काही?" आक्कांनी विचारलं.

त्याचा हात खिशाकडे गेला. मोबाइल होता. मागे हात नेऊन त्याने पिशवी चाचपली. मग त्याचं लक्ष स्टुलाकडे गेलं. आक्का त्याच्यावर पाय पसरून बसल्या होत्या आणि फार सुखात दिसत होत्या.

तो बघत राहिला... एक पायरी वर चढला. थांबला.

मग हसला. सकाळचं ते मंद हसू नव्हतं, चांगलं खळखळून हसला.

"नाही, आक्का."

आक्कांनी सूप मांडीवर ओढलं.

"मग जा सोमवारी कामावर."