निकालीची मुद्रा आणि कौलांवरची माणसं

एका राज्यात एक नगरी होती, आणि त्या नगरीत माणसांपेक्षा साळुंक्या जास्त होत्या. वेशीवर साळुंक्या, देवळावर साळुंक्या, आणि नगरचावडीच्या छपरावर तर इतक्या, की कौल कुठलं आणि पाखरू कुठलं ते कळू नये. त्या सगळ्या बोलत. एक म्हणे, "आमच्या आळीतला दिवा." दुसरी म्हणे, "शेताची वाट." तिसरी दिवसभर एवढंच विचारी, "उद्या येऊ का? उद्या येऊ का?"

याचं कारण असं. चावडीत एक पितळी मुद्रा होती, तिच्यावर कोरलं होतं 'निकाली'. लोकांचं काम झालं की त्यांच्या अर्जावर ती उमटवायची, असा मूळचा नेम. पण अर्ज फार आणि हात थोडे, म्हणून काम न होताच मुद्रा उमटू लागली. बारा वर्षांपूर्वी तिच्यावर शाप बसला. ज्याच्या अर्जावर ती तीनदा खोटी उमटे, तो माणूस चावडीच्या पायरीवर उभ्या उभ्या साळुंकी होऊन उडून जाई. चावडीतले जुने कारभारी त्र्यंबकराव म्हणत, "चला, गर्दी कमी झाली."

कुंदा या चावडीत लेखनिक होती. शिकलेली, अक्षर मोत्यासारखं, पण स्वभावाची भित्री. दार वाजलं तरी दचके. एका दुपारी अर्जांचा ढीग उपसताना तिने नावं न वाचताच मुद्रा मारली, आणि बाहेरून ओळखीची किंकाळी आली. ढिगात तिच्या थोरल्या बहिणीचा, सुरंगेचा, अर्ज होता. 'आमच्या विहिरीला कठडा बांधा.' तिसऱ्यांदा दिलेला.

सुरंगा साळुंकी झाली, पण छपरावर गेली नाही. येऊन कुंदेच्या खांद्यावर बसली. "कुंदे, वाचता येतं ना तुला? मग वाचायचं!"

कुंदा रडली. रडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की ताई रोज एकेक शब्द विसरते आहे. सोमवारी 'मीठ' गेलं, मंगळवारी 'परकर'. सगळे शब्द सरले की माणूस कायमचा पक्षीच राहतो, हे नगरीत पोराटोरांनाही ठाऊक होतं.

शाप देणारा मांत्रिक नीलकेतू नदीपलीकडे बोडक्या टेकडीवर राही. कुंदा ताईला खांद्यावर घेऊन होडीने पलीकडे उतरली, टेकडी चढली आणि झोपडीपाशी थांबली.

"कोण आहे?"

ती इतकी दचकली की ताईला पंख उघडून तोल सावरावा लागला. "मी... नगरचावडीची कुंदा."

"चावडीची? मग बाहेरच उभी राहा. कसं वाटतं ते बघ."

तीन प्रहर ती उन्हात उभी राहिली. मग नीलकेतू बाहेर आला. भर उन्हात त्याची सावली पडत नव्हती.

"तीन कामं करशील तर शाप उतरेल," तो म्हणाला. "पहिलं. चावडीची सर्वांत उंच पायरी कोणती, ते सांग."

कुंदेने दोरी घेऊन एकवीस पायऱ्या मोजल्या. सगळ्या सारख्या. पुन्हा मोजल्या, पुन्हा सारख्या.

"दोरीला काय विचारतेस?" ताई म्हणाली. "चढणाऱ्यांना विचार की!"

अनोळखी माणसांशी बोलायचं कुंदा एरवी टाळायची. तरी ती पायरीवर बसली आणि येईल त्याला विचारू लागली. काठी टेकत आलेल्या कोष्ट्याला विचारलं, पोटुशा बाईला विचारलं, दळणाचं ओझं घेतलेल्या गड्याला विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच.

ती टेकडीवर गेली. "सर्वांत उंच पायरी एकविसावी. ती चढून गेलं की 'आज नाही' ऐकावं लागतं."

"बरोबर," नीलकेतू म्हणाला, आणि त्याच क्षणी नगरीत चावडीचा उंबरठा वीतभर खाली बसला. "दुसरं. चावडीने दिलेलं आणि चावडीने पाळलेलं एक वचन आण."

तिने सगळी दप्तरं धुंडाळली. तसं एकही वचन सापडलं नाही, म्हणून नवंच द्यावं लागलं. बुरूडआळीची काशाई तुंबलेल्या नाल्याची तक्रार घेऊन आली, तेव्हा कुंदा म्हणाली, "बुधवारी, सूर्य मावळायच्या आत."

चावडीत हशा पिकला. त्र्यंबकराव म्हणाले, "अहो बाई, दिवस सांगायचा नसतो. 'बघू' म्हणायचं. 'बघू' म्हटलं की कुणाला धरता येत नाही."

काशाई म्हणाली, "बुधवारी? कुठल्या सालातल्या?"

बुधवारी गाळ उपसणाऱ्या गड्याचं फावडं मोडलं. कुंदा धावत काशाईकडे गेली. "मावशी, उशीर होतोय. पण आजच होईल. मी दुसरं फावडं आणायला चालले आहे."

काशाई म्हणाली, "काम अडलंय हे सांगायला कुणी येतं, हे पहिल्यांदाच पाहिलं बाई." आणि तिने घरातली दोन फावडी काढून दिली. सूर्य हातभर वर असताना नाला वाहू लागला. छपरावरच्या एका साळुंकीने मान वळवून पाहिलं.

"तिसरं," नीलकेतू म्हणाला. "माझ्या अर्जाचं उत्तर आण. खोटी मुद्रा पहिल्यांदा उमटली, ती त्याच अर्जावर."

कुंदेने दप्तर काढलं. अर्जात एकच ओळ होती. 'मी नीलकेतू, जिवंत आहे.' बारा वर्षांपूर्वी नगरीच्या वहीत कुणीतरी चुकून त्याला मृत लिहिलं होतं. मेलेल्या माणसाला विहीर नाही, वाट नाही, सावलीही नाही. ती दुरुस्ती मागायला तो आला होता.

कुंदेने लगोलग सुरेख अक्षरात पत्र लिहिलं. 'आपण जिवंत आहात. चावडीची चूक झाली.' नगरपाल सोमदत्तांनी मान वर न करता सही केली, त्र्यंबकरावांनी सवयीने मुद्रा मारली, आणि कुंदा टेकडीवर पोचली. तिने घडी उलगडताच पत्राला पंख फुटले आणि "आपण जिवंत आहात" असं ओरडत ते नदीपार उडून गेलं.

"मी कागदाला विचारलं नव्हतं," नीलकेतू म्हणाला आणि आत निघून गेला.

परतताना होडीत ताईने तिच्याकडे निरखून पाहिलं. "तू कोण गं?"

 कुंदा होडीतून उतरली ती थेट नगरपालांच्या दालनात शिरली. दारही वाजवलं नाही.

"महाराज, तुम्हाला टेकडीवर यावं लागेल. चालत."

नगरपाल माणूस वाईट नव्हता, फक्त बारा वर्षं कागदाखेरीज काही पाहिलं नव्हतं. "नगरपाल अर्जदाराच्या दारी जात नसतो. शिवाय मी चूक कबूल केली तर उद्या सारं गाव इथे येऊन उभं राहील."

"ते आताच छपरावर उभं आहे, महाराज." तिचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "माझी बहीण माझं नाव विसरली. ती मुद्रा मी मारली होती. तुम्ही येत नसाल तर मी रोज या दारात उभी राहीन आणि रोज तेच सांगेन."

नगरपाल उठून ओसरीवर आले. त्यांनी वर पाहिलं. हजार डोळे त्यांच्याकडे पाहत होते, आणि कुणीतरी विचारत होतं, "उद्या येऊ का?"

त्यांनी वही काखेत घेतली. "चल, पोरी."

टेकडीवर पोचेतो त्यांना धाप लागली होती. ते झोपडीसमोर उभे राहिले, आणि या वेळी मान वर होती.

"नीलकेतू, त्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर उभे होता, आणि मी वहीत पाहून म्हणालो की तुम्ही वारलात. तुमच्याकडे पाहायला हवं होतं. माझं चुकलं."

त्यांनी वही उघडली, त्याच्यादेखत चुकीची ओळ खोडली आणि त्याचं नाव जिवंतांत लिहिलं. नीलकेतूने ते स्वतः वाचलं. दोनदा वाचलं. मग त्याची सावली कुठूनशी आली आणि पायाशी निमूट पसरली.

"उतरला शाप," तो म्हणाला. त्याचा आवाज ओला होता.

कुंदेच्या खांद्यावर अचानक अख्ख्या बाईचा भार आला आणि दोघी धाडकन खाली पडल्या.

"कुंदे! हाडं मोडलीस की माझी!"

"ताई, काय म्हणालीस? माझं नाव पुन्हा घे."

"कुंदे, कुंदे, कुंदे! बहिरी झालीस का? आणि मीठ आहे का घरात? बारा दिवस किडे खाल्लेत मी."

इकडे नगरीत छपरांवर, वेशीवर, कळसाच्या कडेला माणसंच माणसं बसली होती आणि खाली उतरता येत नव्हतं. नव्या चावडीचं पहिलं काम शिड्या लावण्याचं झालं. शिडी नगरपालांनी धरली आणि त्र्यंबकराव एकेकाला नावानिशी हाक मारून उतरवत राहिले. एक आजोबा उतरता उतरता म्हणाले, "सावकाश, बारा वर्षं थांबलोय." त्र्यंबकरावांनी मान खाली घालून त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला.

त्या दिवसापासून चावडीच्या दारात पाटी लागली. कोणतं काम, किती दिवसांत, कुणाला विचारायचं, आणि न झाल्यास तुमच्या दारी कोण येईल, सगळं साध्या भाषेत. आणि मुद्रा गेली लोकांच्या हाती. काम झालं असं ज्याचं त्याला पटेल, तेव्हा ती त्यानेच उमटवायची.

शनिवारी विहिरीचा कठडा बांधून झाला. सुरंगा त्याला टेकली, रेलली, वर चढून बसली. एक दगड हलला.

"नाही मारत मुद्रा," ती म्हणाली.

कुंदेने हसत गवंड्याला परत बोलावलं. चुना कालवेपर्यंत दोघी बहिणी विहिरीच्या काठी बसून राहिल्या, आणि बायकांचे हंडे एकामागून एक भरत गेले.

ज्याने ही कथा ऐकली त्याच्या हाकेला ओ मिळो, जिने सांगितली तिला धीर मिळो, आणि छपरावर जी पाखरं बसोत ती पाखरंच असोत.