पाळण्यावरची खोडलेली ओळ

फार फार मागे एका राज्यात एक बाई होती. ऐका, लहानांनी ऐका आणि मोठ्यांनी तर नीटच ऐका. ती कुणाच्या पदरी नव्हती. स्वतःची दौत, स्वतःची लेखणी आणि स्वतःचे पाय. गावोगाव हिंडायची, लेकुरवाळ्या बायांना विचारायची, बाळं बघायची आणि त्यातून जे कळेल ते एका पानावर लिहायची. बाळाला न्हाऊ कसं घालावं, वरचं अन्न कधी द्यावं, रडतं तेव्हा आधी काय बघावं. ते पान घरोघर पाळण्यावर टांगलं जाई. लोक तिला लेखणीवाली म्हणत. तिला ते आवडे. का आवडू नये?

तिच्या पानातली एक ओळ बायांची फार लाडकी होती : 'निजलेल्या बाळाला उठवू नये.' थकल्याभागल्या आयांना त्या ओळीनं जरा पाठ टेकता येई.

एकदा ती कुंभारवाड्यात आली, तर एका घरात सासू-सुनेची जुंपली होती.

"अगं, उठव त्याला! सकाळपासून पोटात थेंब नाही त्याच्या."

"आत्याबाई, पानात लिहिलंय, निजलेल्याला उठवू नये."

"पानाला काय कळतंय? पान काय बाळंत झालंय?"

लेखणीवालीनं पाळण्यात पाहिलं. पोर दिवस भरायच्या आधी जन्मलेलं, मुठीएवढं. ते निजलं नव्हतं, अशक्तपणानं ग्लानीत गेलं होतं. रडायचंही त्राण नव्हतं त्याच्यात.

"काढ त्याला बाहेर!" ती ओरडली. तिनं बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरायला लावलं, तळपाय चोळले, कान चोळले. आईचं दूध वाटीत काढून बोंडल्यानं थेंब थेंब पाजलं. मग सासू-सून आळीपाळीनं त्याला उठवून पाजत राहिल्या आणि ती तिथंच मुक्कामाला राहिली. एका सकाळी बाळानं असा टाहो फोडला, की ओसरीवर चाकाशी बसलेल्या कुंभाराच्या हातचं मडकं वाकडं झालं. कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही.

पण तीच ओळ अजून गावोगावच्या पाळण्यांवर लटकत होती. त्यातलं कुठलं बाळ निजलंय आणि कुठलं मरणाच्या वाटेवर आहे, कुणाला ठाऊक?

लेखणीवाली दौत घेऊन उठली. पाटलीणबाईंनी तिला वाटेत गाठलं.

"बये, गप्प बस. राणीसाहेबांचे दिवस भरत आलेत. राजवाड्यात तुला बोलवायचं घाटतंय. आता चूक कबूल केलीस तर कोण विचारील तुला? आणि पोर वाचलं ना?"

"हे वाचलं. पुढचं?"

"खोडायचंच होतं, तर लिहिलंस कशाला?"

"खरं लिहायला. ते काम अजून संपलं नाही माझं."

ती भर बाजारात पारावर चढली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माझी ओळ चुकली. धडधाकट बाळाला निजू द्या. पण अशक्त, दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाला उठवून पाजा. ज्यांच्या घरी माझं पान आहे, त्यांच्या दारी मी येतेय."

कुणी हसलं, कुणी नाकं मुरडली. ती मान खाली न घालता घरोघर गेली. जुन्या ओळीवर ठसठशीत रेघ मारली आणि खाली नवी ओळ लिहिली. जुनी ओळ दिसत राहील अशीच खोडली तिनं. कुणी विचारलं, तर चूक काय होती ते समजलं पाहिजे, म्हणून.

राजवाड्याचं बोलावणं आलं नाही. दरबारच्या लेखनिकानं तिच्या पानाची सुंदर नक्कल केली, सोनेरी वेलबुट्टी काढली आणि राणीच्या बाळाच्या पाळण्यावर टांगली.

बाजारातली गोष्ट राणीच्या कानावर आली होती. तिनं वर पाहिलं. "खोडलेली ओळ कुठंय?"

"राणीसाहेब, तो डाग होता. मी काढून टाकला."

"मग हे पान तिचं नव्हे," राणी म्हणाली. "नुसतं छान छान सांगणारे माझ्याभोवती ढिगानं आहेत. आपली चूक रेघ मारून दाखवणारी ती एकटीच. तिचं पान आणा."

सेवक पान मानानं आणायला पालखी घेऊन धावले. लेखणीवालीनं दौत कमरेला खोचली.

"पान कुठं नेता? आधी मला बाळ बघू द्या. न बघता लिहीत नाही मी. आणि पालखी राहू दे, पाय आहेत मला."

ती राजवाड्याच्या मोठ्या दरवाजानं आत गेली, ताठ मानेनं.

बोध हाच : ज्याला आपली चुकलेली ओळ चारचौघांत खोडता येते, त्यानंच दुसऱ्याच्या लेकराविषयी लिहावं.